अर्ध्या नावाचा पेला

प्लेनो, १४ मार्च २००४

प्रिय दादा,

हे रविवारी फोनवरच सांगणार होते, पण यशोधननं स्पीकर लावला आणि तू नुसता "काय? काय?" करत बसलास. मधेच तुझी नात निधी म्हणाली, "आजोबा कान्ट हिअर यू." म्हटलं, पत्रच बरं. सगळ्या घरासमोर ओरडून बोलण्यासारखं ते नाहीच.

गंमत ऐक. विनीताच्या ऑफिसात कॅरल म्हणून एक बाई आहे. तिची एडनाआत्या गेल्या वर्षी ऐंशीव्या वर्षी वारली. ही आत्या तरुणपणी नर्स होती आणि कुठे होती सांगू? आपल्या माळवंडीच्या मिशन हॉस्पिटलात. आता हे मला कळलंय, कॅरलला फक्त 'इंडिया' एवढंच ठाऊक होतं. आत्याच्या टेबलावर पेन्सिली ठेवायचा एक पेला होता, त्यावर काहीतरी लिहिलेलं. कॅरलनं तो ऑफिसात नेऊन आधी एका तेलुगू मुलाला दाखवला, मग पंजाबी मॅनेजरला. तो म्हणाला, "हिंदी जैसा है, पर हिंदी नहीं है," आणि मीटिंगला गेला. शेवटी आला आमच्या सूनबाईकडे. विनीतानं घडाघडा वाचलं: 'माळवंडी संस्थान, रौप्यमहोत्सव, शके १८६८.'

घरी येऊन मला म्हणते, "आई, माळवंडी म्हणजे तुमचं माहेर ना?" मी कणीक मळत होते, तशाच हातानं पेला घेतला. पांढरं एनॅमल, निळा काठ, मधे पगडीवाले आपले महाराज. मिशी जरा पुसट झालीय, बाकी रुबाब तोच. कॅरल म्हणाली, हा तुमच्याकडेच शोभेल, ठेवून घ्या. मी कसली नाही म्हणते.

आता तू मला सांग. हे पेले साखर भरून शाळेतल्या सगळ्या मुलांना वाटले होते ना? मी पाच वर्षांची, गोवरानं अंथरुणात, शाळेतही नव्हते. पण तू होतास, सुलेखाताई होती. म्हणजे दोन तरी घरात यायला हवे होते. आपली आई फुटक्या बरणीचं झाकणसुद्धा टाकत नसे. मग ते गेले कुठे? मला त्या समारंभाचं काही म्हणजे काही आठवत नाही. त्याच सुमाराला ताई तापानं गेली, म्हणून घरात कुणी बोलत नसेल.

मी सकाळचा चहा आता त्यातूनच पिते. परीक्षित म्हणतो, "आई, तुझा राजेशाही चहा झाला का?" करू दे थट्टा.

तुझी शोभना


बेलव्ह्यू, २५ मार्च २००४

शोभे,

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे. भिंग घेऊन वाचावं लागलं.

त्या पेल्यातून चहा पिणं ताबडतोब बंद कर. एनॅमल म्हणजे लोखंडावर वितळवून बसवलेली काच. जुन्या मालात शिसंबिसं काय काय असायचं, ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. मी एनॅमलच्या कारखान्यात तपासणी खात्यात बत्तीस वर्षं काढली, हे विसरू नकोस. त्यातून टवका उडालेला असेल तर खाली लोखंड गंजतं आणि तो गंज पोटात जातो. चहासाठी अमेरिकेत कपांचा दुष्काळ पडलेला नाही.

पेले त्या वेळी कमी पडले होते. आपल्याला मिळाले नाहीत. यात लिहिण्यासारखं आणखी काही नाही.

माझं ऐकशील तर तो कॅरलबाईंना परत देऊन टाक. त्यांच्या आत्याची आठवण आहे, परक्याची वस्तू घरात कशाला ठेवायची?

इकडे पाऊस आहे. इथे तो पडत नाही, नुसता रेंगाळतो. यशोधन प्रोजेक्टमधे बुडालेला आहे. निधीला मी पाढे शिकवतो, ती मला ईमेल शिकवते. दोघांचीही प्रगती बेताची.

तुझा दादा

ता.क. तळाशी टवका उडालेला आहे, तो केवढा आहे? सहज विचारतो.


प्लेनो, ६ एप्रिल २००४

प्रिय दादा,

तळाच्या टवक्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला तो दिसलाही नव्हता, तुझं पत्र आल्यावर पेला उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या नखाएवढा आहे. तुला इथून दोन हजार मैलांवरून कसा दिसला?

आणि त्या टवक्याच्या शेजारी काय आहे, तेही तुला ठाऊक असणार. टिंबाटिंबांनी ठोकलेलं एक अक्षर आहे. 'सु'. त्याच्यापुढे घाव घातला आणि एनॅमल उडालं, असं दिसतंय.

दादा, एनॅमलच्या भांड्यावर छिन्नीनं नाव घालायला जगात दुसरं कुणी जाईल का? आपल्याच घरचं हे काम. आईला वाटीपासून घंगाळापर्यंत नाव घातल्याशिवाय भांडं मांडणीवर चढवलेलं चालत नसे. माझ्या लग्नातल्या चमच्यांवरसुद्धा नाव आहे, ते मी इथपर्यंत आणलेत. विनीताच्या मैत्रिणी ते हातात घेऊन हसतात.

मी विनीताला कॅरलला पुन्हा विचारायला सांगितलं. कॅरल म्हणाली, आत्या त्या पेल्यात कुणाला पाणीसुद्धा पिऊ देत नसे. तो एका लहान मुलीचा आहे म्हणायची. हॉस्पिटलात वारलेल्या मुलीचा.

चहा बंद केलाय. पेला घासूनपुसून देवापाशी ठेवलाय.

मला सगळ्यांनी सांगितलं की सुलेखाताई तापानं गेली. आईनं सांगितलं, बाबांनी सांगितलं, तू सांगितलंस. मी आता त्रेसष्ट वर्षांची आहे, दादा. गोवर कधीच बरा झाला. मला खरं काय ते सांग.

शोभना


बेलव्ह्यू, १९ एप्रिल २००४

शोभे,

माळवंडीत 'सु'वरून सुरू होणारी पन्नास मुलं असतील. सुमन, सुधा, सुरेश. सुलेखा तापानं गेली. माझी तब्येत जरा नरम आहे, फार लिहवत नाही. पेला परत दे, मी पुन्हा सांगतो.

दादा


प्लेनो, १० मे २००४

प्रिय दादा,

यशोधनचा फोन आला होता. म्हणाला, "आत्या, बाबा जेवत नाहीत. बाल्कनीत तासन्‌तास बसतात, विचारलं की चिडतात. तुमचं काही झालं का?" मी म्हटलं, काही नाही रे, बहीणभावाचं आपलं नेहमीचं.

ऐक, मी तुला आता पेल्याबद्दल विचारणार नाही. नको सांगूस. मला ताईचा चेहराही नीट आठवत नाही, पण तू आठवतोस. गोवरातून उठल्यावर मला उन्हात न्यायचं नव्हतं, तर तू महिनाभर शाळेतून आलास की खेळायला न जाता माझ्याशी सागरगोटे खेळायचास. बारा वर्षांचा घोडा, सागरगोटे खेळायला लाजायचा नाहीस. मुद्दाम हरायचास, ते मला तेव्हाही कळत होतं.

तर तू जेव. तिकडे कोण जातंय बघते, त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवीन. सांगायचं नसलं तर नको, पण उपाशी राहिलास तर मी तिकडे येऊन बसेन आणि तुझ्या सुनेला माझी सरबराई करावी लागेल. तिची दया येऊ दे.

तुझी शोभना


बेलव्ह्यू, २० जून २००४

शोभे,

महिनाभर हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. आज फाडणार नाही.

सुलेखा तापानं गेली नाही. ती चेंगरली.

महाराजांच्या गादीला पंचवीस वर्षं झाली होती. लढाई संपली होती तरी साखर रेशनवर, तीही बोटानं चाटण्याएवढी. दवंडी पिटली की शाळेच्या मुलांना राजवाड्याच्या पटांगणात पेला आणि पेलाभर साखर मिळणार. आम्ही सकाळी रांगेनं गेलो. सगळं शिस्तीत झालं. मला मिळाला, सुलेखाला मिळाला. तिनं आपली साखर रुमालात बांधून घेतली, तुला द्यायला. तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस.

फाटकाबाहेर जत्रेसारखी दुकानं होती. एक तांबट बसला होता. मला आईचं वाक्य पाठ होतं, नाव नसलेलं भांडं आपलं नसतं. आणि इथे तर शेकडो पेले, सगळे एकसारखे. मी तांबटाला म्हटलं, नाव घाला. तो म्हणाला, बाळ, याच्यावर नाव घालत नाहीत, टवका उडेल. म्हातारा भला माणूस होता. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तेव्हा मी त्याची छिन्नी उचलली. मला वाटलं, तो काम टाळतोय. मला सगळं येतं असं मला तेव्हाही वाटायचं.

आधी सुलेखाचा घेतला. ती म्हणाली, "दादा, माझं नाव मोठं आहे, बारीक घाल." 'सु' झाला. पुढचा घाव घातला आणि टवका उडाला. तिनं ओठ काढले. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला माझाच राग आला. मी म्हटलं, "रडतेस काय? जा आत, बदलून आण. सांग, फुटका मिळाला."

ती पेला घेऊन पुन्हा आत गेली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं की साखर संपत आली. आजूबाजूच्या गावची माणसं सकाळपासून फाटकाशी उभी होती, ती सगळी एकदम आत घुसली. मी बाहेर होतो. मला काही झालं नाही.

सात मुलं गेली. संस्थानात त्या प्रकाराचं नाव काढायची बंदी होती. सुलेखा दोन दिवस होती. बाबा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून, आई तुझ्याजवळ. मी एकदाही गेलो नाही. ती मला विचारेल, "दादा, बदलून का आणायला लावलंस?" म्हणून गेलो नाही. माझा पेला मी त्याच दुपारी विहिरीत टाकला. छिन्नीचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, बायकोलाही नाही.

कारखान्यात मी टाचणीच्या टोकाएवढा डाग असला तरी माल परत पाठवायचो. लोक मागून शिव्या द्यायचे. तुला वाटायचं मी विक्षिप्त आहे. असेन.

मला साठ वर्षं एकाच गोष्टीची भीती वाटत आली. हे तुला कळलं तर तू मला दादा म्हणायची नाहीस. तुझ्याशिवाय मला तसं म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. आता तू ठरव. मी जेवतो आहे, त्याची काळजी करू नकोस.

पुरुषोत्तम


प्लेनो, ११ जुलै २००४

प्रिय दादा,

पत्राखाली 'पुरुषोत्तम' अशी सही केलीस. या नावाचं माझं कुणी नाही. पुन्हा असा चावटपणा करू नकोस.

तुझं पत्र वाचून मी चार दिवस रागावले होते, खोटं कशाला सांगू. टवक्यासाठी नाही. बारा वर्षांच्या पोराच्या हातून टवका उडाला, यात रागवायचं काय? राग आला तो तू मला ताई दिली नाहीस म्हणून. साखर माझ्यासाठी रुमालात बांधणारी बहीण मला होती आणि मला ते या वयात कळतंय. मला तिचं काही नव्हतंच रे, एक ताप सोडून. मग वाटलं, तुझ्याशी तरी ताईबद्दल कधी कोण बोललं होतं? राग गेला. रडले मात्र पुष्कळ. विनीतानं दोन दिवस स्वयंपाक केला आणि परीक्षितनं न कुरकुरता खाल्ला.

आता पुढचं नीट बस आणि वाच. चष्मा लाव.

तुझं पत्र आल्यावर मी विनीताला म्हटलं, मला कॅरलकडे ने. तिचं घर इथून वीस मिनिटं, हायवेनं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, ती मुलगी माझी बहीण. कॅरल उठून आत गेली आणि एक बुटाचा खोका घेऊन आली. तिच्या आत्यानं माळवंडीहून आपल्या भावाला, म्हणजे कॅरलच्या वडिलांना लिहिलेली पत्रं. एडनाबाई तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तिला तिकडे जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. विनीता वाचत गेली आणि मला मराठीत सांगत गेली.

त्यातल्या एका पत्रात एडनाबाई लिहिते, नऊ वर्षांची एक मुलगी आहे, डोळे मोठे, छातीला मार लागलाय. हातात एक पेला घट्ट धरून ठेवलाय. तळाशी तो फुटलेला आहे आणि त्याची धार तिच्या बोटांना लागते. राजवाड्यातून जखमी मुलांसाठी नवे पेले पाठवलेत, त्यातला एक मी तिला देऊ केला. तिनं घेतला नाही. संध्याकाळी पुन्हा दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. दर वेळी तिनं जुना छातीशी धरला आणि तेच तेच म्हणाली. मला तिची भाषा अजून येत नाही. विचारायला जवळ कुणी नव्हतं. मी जसं ऐकू आलं तसं लिहून ठेवते आहे, कधीतरी कुणाला विचारीन.

आणि खाली इंग्रजी अक्षरांत एक ओळ आहे. पुढे तिनं कुणाला विचारलं की नाही, देव जाणे. कॅरलच्या वडिलांना ती कळली नसणार आणि कॅरलनं तो खोका कधी उघडलाच नव्हता. विनीता ती ओळ वाचता वाचता थांबली आणि तिनं कागद माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं वाचली.

"हा माझा. दादानं नाव घातलंय."

दादा, तू बदलायला पाठवलंस हे खरं. पण तिनं बदलला नाही. नवा कोरा तीनदा समोर धरला, तरी नाही. तू तिला भेटायला गेला असतास तर तिनं तुला काही विचारलं नसतं. तिनं तो दाखवला असता.

पुढच्या पत्रात आहे, बाबांनी हात जोडून डॉक्टरांकरवी त्या नर्सला सांगितलं, हा घरी देऊ नका, हिच्या आईला बघवणार नाही. म्हणून तो तिच्याकडे राहिला. तिनं कधी त्यात पाणी पिऊ दिलं नाही, एवढं तिला बिचारीला कळलं होतं.

आता माझं म्हणणं. मी पेला पोस्टानं पाठवणार नाही, कुणाच्या सामानातूनही नाही. तो इथे देवापाशी आहे. त्यावर 'सु' एवढंच आहे. बाकीचं नाव घालायचं राहिलंय आणि ते काम तुझं आहे. ये आणि पुरं कर.

तुझी शोभना


बेलव्ह्यू, १९ जुलै २००४

प्रिय शोभे,

ती ओळ मी निधीकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. तिला मराठी लिहिता येत नाही, तिनंही इंग्रजी अक्षरांतच लिहिली. मग मला विचारलं, "आजोबा, व्हॉट डझ इट मीन?" मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, छिन्नीपासून. यशोधन दारात उभा होता, त्यानंही ऐकलं. तिघांच्यात एक टिश्यूचा खोका संपला.

सात ऑगस्टचं तिकीट काढलं आहे. विमानतळावर परीक्षितला पाठव. तू येऊ नकोस, तू रडशील आणि मग मला आवरणार नाही.

नावाचं मात्र नीट ऐक. छिन्नी आता नाही. तांबट बरोबर सांगत होता. खरं म्हणजे एनॅमलवर रंग भट्टीत भाजून बसवतात, पण भाजायला गेलो तर महाराजांची उरलेली मिशीही जाईल आणि लोखंड आणखी उघडं पडेल. म्हणून नुसत्या रंगानं घालणार. निधीनं तिचा सगळ्यात बारीक ब्रश दिला आहे, "डोन्ट लूज इट" असं बजावून. निळा रंग घेतला, काठाला जुळणारा. चार दिवस जुन्या बशीवर 'लेखा' 'लेखा' काढतो आहे. आता बारीक जमतं आहे. तिला बारीकच हवं होतं.

एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. न भाजलेला रंग टिकत नाही. तू घासपूस करणारी बाई, वर्षभरात नाव धुऊन जाईल. म्हणजे मला दर वर्षी प्लेनोला येऊन ते पुन्हा घालावं लागेल. चालेल ना?

तुझा दादा